लीव्हचं अक्षर

स्टेशनसमोरची गुळगुळीत फरशी संपली आणि लुटगार्डची चाकांची खुर्ची दगडी रस्त्यावर खडखडायला लागली. ब्रुगेचे हे दगड घोडागाड्यांसाठी बसवलेले. बसवणाऱ्यांच्या मनात खुर्चीतलं माणूस कधी आलं नसावं.

"हळू गं," लीव्ह म्हणाली.

"हळूच चाललेय. याहून हळू म्हणजे उभंच राहायचं," खुर्ची ढकलणारी नोएला म्हणाली.

लुटगार्ड खुर्चीतून काहीतरी पुटपुटली. गेल्या हिवाळ्यापासून तिचे शब्द ओल्या कागदावरच्या शाईसारखे पसरायला लागले होते. परक्या माणसाला त्यातलं काही कळत नसे. नोएलाला अर्धंमुर्धं कळायचं, कारण तिच्या एका कानात यंत्र होतं आणि दुसऱ्या कानावर तिचा फार भरवसा नव्हता. लहानपणच्या मैत्रिणीला, लीव्हला, मात्र सगळं कळायचं. वर्षभर ती रोज संध्याकाळी लुटगार्डला वाचून दाखवायला जात होती.

"काय म्हणते?" नोएलाने विचारलं.

"म्हणते, उभ्या राहा की. तिला कसली घाई आहे."

नोएला हसली, पण खुर्ची थोडी जोरात ढकलायला लागली. घाई होती. साडेचार वाजता डॉक्टर कास्तेलेन यांच्याकडे पोचायचं होतं.

लुटगार्डला इच्छामरण हवं होतं. तिचा आजार एकेक स्नायू विझवत वर चढत होता. पाय गेले, मग हात गेले, आता जीभ जड झाली होती आणि त्यानंतर श्वासाची पाळी होती. दोन डॉक्टरांनी तपासून आपापलं मत लिहून दिलं होतं. राहिला होता तो फक्त अर्ज. तो ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा असतो. हात चालत नसले तर आजारी माणूस ज्याचं नाव घेईल त्याने, डॉक्टरांच्या समोर बसून, त्याच्या वतीने लिहायचा. लिहिणाऱ्याला त्या मरणातून काही मिळणार नसावं, एवढी एक अट. लुटगार्डच्या मुलाला, वॅनेसला, सगळंच मिळणार होतं. नोएला तिची वहिनी, तिच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारी. तो मजला मृत्युपत्रात नोएलाच्या नावे केलेला होता. तीन आठवड्यांपूर्वी लुटगार्ड म्हणाली होती, "लीव्ह, म्हणजे तूच राहिलीस. आणि अक्षरही तुझंच चांगलं."

लीव्ह म्हणाली होती, "बघू."

ते 'बघू' तीन आठवडे चाललं होतं. लीव्हने चौतीस वर्षं नन्सच्या शाळेत पहिलीच्या मुलांचं अक्षर वळवलं होतं. निवृत्तीनंतर गावातल्या चर्चसाठी ती दुखवट्याच्या कार्डांवर नावं लिहायची. गेलेल्या माणसाचा फोटो, खाली एक प्रार्थना, आणि वर तिच्या हातचं नाव. रोज सकाळी सातची प्रार्थना तिने कधी चुकवली नव्हती. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत ती कॉफी आणि साखर सोडायची, तीही वयाच्या बाराव्या वर्षापासून. जीव ज्याने दिला त्यानेच तो न्यायचा, यात तिला कधी शंका आली नव्हती. तिने पाद्रीबाबांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "लिही असं मी तुला सांगू शकत नाही. आणि तिला सोड असंही सांगू शकत नाही." त्यांच्याकडून ती गेली होती त्याहून जड पावलांनी परतली.

ही सहल लुटगार्डच्याच डोक्यातून निघालेली. डॉक्टर ब्रुगेला, मग एवढं जायचंच आहे तर गाव बघून घेऊ. रूसेलारेहून ब्रुगे गाडीने अर्ध्या तासावर. तरी चौसष्ट वर्षांत तिघींपैकी एकीनेही तिथल्या कालव्यातल्या होडीत पाय ठेवला नव्हता. होडी ही परदेशी पाहुण्यांची गोष्ट. आपल्या माणसाने ब्रुगेला जायचं ते कापड घ्यायला, दात दाखवायला, नाहीतर कोर्टात.

पूल ओलांडून त्या आधी बेगिनांच्या, म्हणजे पूर्वी एकत्र राहणाऱ्या व्रतस्थ बायकांच्या, आवारात शिरल्या. उंच झाडांखालचं सगळं गवत पिवळ्या फुलांनी भरलं होतं, भोवती पांढरी घरं, आणि दारातच शांत राहण्याची विनंती करणारी पाटी. एक नन सायकल हातात धरून चालली होती. दगडावर सायकलची घंटा आपोआप वाजू नये म्हणून तिने ती तळव्याने झाकली होती.

"नोएला, फोटो काढ ना जरा. त्या कोपऱ्यातून चांगला येईल," लीव्ह म्हणाली.

"मला पिटाळायचंय ते सरळ सांग," असं म्हणून नोएला गेली.

लीव्ह बाकाच्या कडेवर, लुटगार्डच्या तोंडाला तोंड येईल अशी बसली. रात्रभर जे जुळवलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"ईस्टरपर्यंत थांब," ती म्हणाली. "दहाच दिवस. दहा दिवस मी तुझ्याकडेच राहायला येते. रात्री मी उठेन, नोएलाला उठू देणार नाही."

"डॉक्टर उद्यापासून सुट्टीवर जातायत. ईस्टरनंतर दोन आठवड्यांपर्यंत नाहीत."

"मग तेवढं थांब."

"तोवर जीभ जाईल." लुटगार्डने एकेक शब्द दम घेत बाहेर काढला. "मग मला काय हवंय ते कोणाला कळणार?"

"मला कळेल."

लुटगार्डने तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आता डोळे आणि एक गाल एवढंच नीट हलायचं. त्या गालाने ती हसली.

"तुला कळेल," ती म्हणाली, "आणि तू सांगणार नाहीस."

खरं तेच होतं. ते लीव्हला स्वतःला आत्ता कळत होतं आणि लुटगार्डला मात्र आधीपासून माहीत होतं. ती उठली, लुटगार्डच्या मांडीवरची शाल उगाचच सारखी केली. नोएला परत येऊन म्हणाली, "सहा काढले. सहाहीत माझं बोट आलंय."

होडीपाशी रांग होती. होडीवाला तिशीचा, दंडावर नांगर गोंदवलेला. त्याने खुर्ची बघितली, पायऱ्या बघितल्या, आणि कोणाला न विचारता बाह्या वर केल्या.

"काकू, मी उचलतो. मानेला धरता येईल?"

"हात चालत नाहीत तिचे," लीव्ह म्हणाली.

"मग मीच घट्ट धरतो. बायको बघत नाहीये ना, बघा जरा."

लुटगार्ड काही बोलली. त्याने लीव्हकडे पाहिलं.

"म्हणते, तुझी बायको असली तरी चालेल. तिला आता कोणाची भीती उरलेली नाही."

होडीतले सगळे हसले. ज्यांना ही भाषा कळत नव्हती तेही हसले. लुटगार्डही हसली, घशातून, खोकल्यासारखी. ते हसणं लीव्हने उचलून मनात ठेवलं. सकाळपासून ती हेच करत होती. गाडीत एकदा हसली, नोएलाच्या फोटोंवर एकदा, आत्ता ही तिसरी वेळ. इतकं हसणाऱ्या माणसाला मरण कसं हवं असेल? कोणी विचारलं तर दाखवता यावा असा पुरावा ती गोळा करत होती. विचारणारं कोणी नव्हतं, तरी करत होती.

होडीवाला तीन भाषांत एकच गोष्ट सांगत होता. ही खिडकी गावातली सगळ्यात लहान. त्या भिंतीतून एके काळी थेट पाण्यात दारूची पिंपं सोडत. पूल आला की तो म्हणे, "डोकी सांभाळा," आणि सगळे वाकत. लुटगार्डला वाकता यायचं नाही. नोएलाने प्रत्येक वेळी तिची मान तळहाताने अलगद खाली केली, आणि पुलाखालचा अंधार गेला की पुन्हा वर केली. भिंतींना शेवाळ होतं. एका घराच्या पायरीवर एक कुत्रं पाण्याकडे बघत बसलं होतं. होडी जवळून गेली तरी ते हललं नाही.

"लीव्ह," लुटगार्ड म्हणाली.

"हं."

"छान आहे."

"मग?" लीव्हच्या तोंडून निघून गेलं. "मग कशाला गं? छान आहे तर कशाला?"

लुटगार्डने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण थुंकी घशात गेली आणि तिला ठसका लागला. साधा ठसका नव्हे. चेहरा लाल झाला, मग निळसर. नोएलाने तिला पुढे झुकवून पाठीवर थापा मारल्या. होडीवाल्याने यंत्र बंद केलं. होडी कालव्याच्या मधोमध नुसती तरंगत राहिली. लोक आपापल्या फोनकडे, भिंतींकडे, पाण्याकडे बघायला लागले. दोन मिनिटं गेली असतील. लीव्हने तिचे दोन्ही हात धरले होते आणि ते हात तिला काहीच उत्तर देत नव्हते. श्वास परत आला तेव्हा लुटगार्डच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या डोळ्यांत जी भीती होती ती लीव्हने आजवर कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी सातला लीव्ह वाचून घरी जायची. हे ठसके रात्रीचे असायचे. नोएलाला माहीत होतं. तिच्या थापा सवयीच्या होत्या.

लुटगार्डने लीव्हला दुसरं उत्तर दिलं नाही.

जेवायला त्या एका आडगल्लीतल्या खानावळीत बसल्या. शुक्रवार होता, मांस वर्ज्य, म्हणून लीव्हने कोळंबीचे तळलेले गोळे मागवले. नोएलाने मुद्दाम गोमांसाचा रस्सा मागवला आणि म्हणाली, "तुझ्या वाट्याचं पाप मी खाते, तू आपली बघ." लुटगार्डसाठी बटाट्याचा पातळ लगदा आणि शेवटी चॉकलेटचं फेसाळ गोड. भरवायची पाळी लीव्हची होती. चमच्याच्या टोकावर थोडं घ्यायचं, जिभेच्या मध्यावर ठेवायचं, गिळून होईपर्यंत थांबायचं.

"सोमवारी वकील आला होता घरी," लुटगार्ड म्हणाली. "मृत्युपत्रात थोडं राहिलं होतं."

"काय राहिलं होतं?"

"तू."

लीव्हचा चमचा हवेतच थांबला.

"आईची लेसची उशी तुला ठेवलीय," लुटगार्ड म्हणाली. "फिरक्यांसकट."

लहानपणी दोघी त्याच उशीवर लेस विणायला शिकल्या होत्या. गवत ठासून भरलेली गोल उशी, त्यावर टाचण्या, आणि दोऱ्याला लटकणाऱ्या लाकडी फिरक्या. लुटगार्डच्या आईच्या हातात त्या पावसासारख्या टपटपायच्या.

"त्यातल्या काही हाडाच्या आहेत," नोएला म्हणाली. "लेसच्या संग्रहालयवाला एकदा मागत होता. मी म्हटलं, चल निघ. आता तू तरी त्यावर धूळ बसू देऊ नकोस."

"लिहून ठेवलंय?" लीव्हने विचारलं. "मृत्युपत्रात? माझं नाव घालून?"

"पूर्ण नाव. वकिलाला स्पेलिंग तीनदा सांगितलं."

लीव्हने चमचा खाली ठेवला. अर्जाच्या नियमांचं पत्रक तिने तीन आठवड्यांत इतक्या वेळा वाचलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. लिहिणाऱ्याला त्या मरणातून काही मिळणार नसावं. या दोघींच्या डोक्यात मिळणं म्हणजे घर, शेत, बँकेतले पैसे. एका जुन्या उशीला वारसा म्हणायचं हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. प्रेमाने दिलेली वस्तू, तिचा हिशोब कोण करतो? पण डॉक्टर विचारतील. आणि लीव्ह खोटं बोलणार नाही. कधीच बोलली नव्हती.

म्हणजे ती सुटली होती. तिला नाही म्हणावं लागणार नव्हतं. फक्त खरं सांगायचं होतं. आज अर्ज होणार नाही, डॉक्टर सुट्टीवर जातील, आणि मधल्या दिवसांत देव जे करायचं ते करील. नऊ दिवस तिने मारियामातेपुढे मेणबत्ती लावून नेम केला होता. काल नववा दिवस झाला होता. आज हे.

"काय झालं? आवडलं नाही?" लुटगार्डने विचारलं.

"आवडलं," लीव्ह म्हणाली. "फार आवडलं." आणि पुढचा घास तिने इतका भरभर दिला की नोएला म्हणाली, "अगं, गिळू दे तिला."

दोन वाजता पवित्र रक्ताच्या चर्चचं दर्शन उघडतं. चौकात एका उन्हाच्या तुकड्यात खुर्ची लावून नोएला लुटगार्डजवळ थांबली, कारण वरच्या चर्चला दगडी जिना होता. लीव्ह एकटीच वर गेली. रांगेत पुढे एक शाळेची सहल, मागे एक म्हातारं जोडपं. वेदीच्या बाजूला उंच आसनावर पाद्री बसले होते, समोर काचेची नळी, तिच्यात प्रभूचं रक्त लागलेला मानतात तो कापडाचा काळपट तुकडा. एकेकाने वर जायचं, काचेवर हात ठेवायचा, बाजूला व्हायचं. दरवेळी पाद्री पांढऱ्या रुमालाने काच पुसायचे.

लीव्ह आभार मानायला आली होती. मागितलेलं मिळालं की पहिल्यांदा आभार, मग दुसरं काही. लहानपणापासूनची शिस्त. तिने काचेवर हात ठेवला. काच थंड होती. आभाराचे शब्द तोंडात होते, पण वर आले नाहीत. त्याऐवजी होडीतले ते डोळे वर आले. ती नुसतीच "प्रभो, प्रभो" म्हणत राहिली, पुढचं काय मागायचं ते तिला कळेना. तिने मागितलेलं तर मिळालेलंच होतं.

"बाई," पाद्री हलकेच म्हणाले, "मागे माणसं आहेत."

ती खाली आली तेव्हा नोएला लुटगार्डच्या हनुवटीवरचं चॉकलेट पुसत होती.

"काय मागितलंस?" लुटगार्डने विचारलं.

"तुझ्यासाठी मागितलं."

"मग लिहिशील ना?"

"डॉक्टरांपुढे सांगते."

लुटगार्डने मान हलवायचा प्रयत्न केला. तिला वाटलं हे 'हो'च आहे. लीव्हला ते दिसलं. दिसूनही ती गप्प राहिली. चौकातून घोडागाडी गेली, टापांचा आवाज भिंतींवर आपटून परत आला. वेळ काढायला त्या मासळी बाजाराच्या कमानीपर्यंत गेल्या. तिथल्या एका चित्रवाल्याने लुटगार्डचं चित्र काढू का म्हणून विचारलं. लुटगार्ड म्हणाली, "मी हलणार नाही, हे नक्की," आणि लीव्हने ते त्याला सांगितलं. या वेळी लुटगार्ड हसली तेव्हा लीव्हने ते हसणं गोळा केलं नाही.

डॉक्टरांच्या रुग्णालयातल्या त्या मजल्यावर पायांचा आवाज येत नव्हता. बाहेरच्या व्हरांड्यात एक बाई ढकलगाडीवरून कॉफी वाटत होती. पन्नाशीची, निळा एप्रन, छातीवर 'रोझान' अशी पट्टी. तिने दार धरून ठेवलं म्हणून खुर्ची आत गेली.

डॉक्टर कास्तेलेन बारीक चणीच्या, केस पांढरे. त्यांनी आधी लुटगार्डला विचारलं, "दिवस कसा गेला?"

"होडीत बसले," लुटगार्ड म्हणाली, आणि डॉक्टरांना ते कळलं.

"मी पण कधी बसले नाही," त्या म्हणाल्या. मग टेबलावर एक कोरा कागद ठेवला, त्यावर पेन. "कोण लिहिणार?"

लुटगार्डचे डोळे लीव्हकडे वळले.

"बसा ना. मला एक विचारावंच लागतं," डॉक्टर लीव्हला म्हणाल्या. "यांच्या जाण्याने तुम्हाला काही मिळणार आहे का?"

"हो," लीव्ह म्हणाली.

नोएलाने यंत्राचा कान पुढे केला. "काय मिळणार आहे गं तुला?"

"लेसची उशी. आणि फिरक्या. मृत्युपत्रात माझं नाव आहे."

नोएला हसली, मग हसता हसता थांबली. "डॉक्टर, जुनी उशी आहे हो. आत गवत भरलेलं आहे."

डॉक्टरांनी पेन उचलून बाजूला ठेवलं. "किमतीचा प्रश्न नाही. नाव आहे तर आहे. त्यांना ती वस्तू नाकारता येईल, पण त्यासाठी वकील लागेल. आज ते होणार नाही."

"तुला जेवतानाच कळलं होतं," नोएला लीव्हला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "म्हणून चमचा ठेवलास खाली. आणि ही दुपारभर समजत होती की तू लिहिणार."

लीव्ह लुटगार्डकडे बघू शकली नाही. तिने टेबलाच्या कडेकडे बघितलं. झालं, ती मनात म्हणाली. झालं, आता आज नाही.

"लुटगार्ड," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्या कोणाचंही नाव घेऊ शकता. ओळखीचंच असलं पाहिजे असं नाही. फक्त सज्ञान हवं, आणि तुमच्याशी देणंघेणं नको."

हे पत्रकात होतं. लीव्हने ते वाचलंही होतं. पण लुटगार्ड हे काम परक्याच्या हाती देईल असं तिच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. तिला वाटलं होतं, या दारात आपण एकटेच उभे आहोत. आपण नाही म्हटलं की दार बंद.

लुटगार्डने डोळे दाराकडे वळवले. "बाहेरची बाई," ती म्हणाली. "कॉफीवाली."

रोझान आत आली तेव्हा तिला वाटलं कोणाला कॉफी हवी आहे. डॉक्टरांनी सांगितलं. ती ऐकत राहिली. "मी फक्त मंगळवार-शुक्रवार येते," ती म्हणाली. "सेवा म्हणून. मला यातलं काही कळत नाही." मग तिने खुर्चीतल्या लुटगार्डकडे बघितलं, बराच वेळ. एप्रनची गाठ सोडली, एप्रन घडी करून मांडीवर ठेवला आणि पेन उचललं. "अक्षर बरं नाहीये माझं," ती लुटगार्डला म्हणाली. "माफ करा."

लुटगार्ड बोलायला लागली. रोझानचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. तिने कान पुढे केला. पुन्हा ऐकलं. तिचे कान लाल झाले.

"मला कळत नाहीये हो," ती म्हणाली.

"मला बरंचसं कळतं," डॉक्टर म्हणाल्या, "पण कागदावर माझे शब्द यायला नकोत. त्यांचेच आले पाहिजेत. नोएला?"

नोएला खुर्चीशी गुडघ्यावर बसली. "परत सांग, राणी. सावकाश." लुटगार्डने परत सांगितलं. नोएलाने ओठांकडे बघितलं, यंत्र हाताने दाबून धरलं. "मी... शुद्धीत... आणि मग काय? परत सांग." तिसऱ्यांदा सांगताना लुटगार्डचा आवाज घशातच अडकला. नोएलाने कपाळ खुर्चीच्या हातावर टेकवलं आणि तशीच राहिली.

लीव्हला सगळं ऐकू आलं होतं. तिन्ही वेळा. एकेक शब्द, खडूने फळ्यावर लिहिल्यासारखा.

लुटगार्डने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात मागणं नव्हतं, रागही नव्हता. दिवसभर थकलेल्या माणसाने शेवटी कुठेतरी नजर टेकवावी, तशी ती नजर लीव्हवर टेकली होती. पाच वाजायला आले होते. खिडकीबाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा घरघरून थांबत होती. लीव्हने प्रार्थना आठवायचा प्रयत्न केला. साठ वर्षं रोज म्हटलेली, झोपेतही येणारी. ती आली नाही. डोक्यात लुटगार्डचं तेवढं एकच वाक्य होतं आणि ते दुसऱ्या कशाला जागा देत नव्हतं. ते बदलता आलं असतं. एखादा शब्द इकडचा तिकडे. या खोलीत कोणाला कळलं नसतं, लुटगार्डशिवाय.

"मी," लीव्ह म्हणाली. तिचा आवाज शाळेत श्रुतलेखन घालताना लागायचा तसा, सावकाश आणि सपाट लागला. "मी, लुटगार्ड डेपूर्टेर, पूर्ण शुद्धीत आहे."

रोझानने लिहायला सुरुवात केली. "आडनाव परत एकदा?"

लीव्हने एकेक अक्षर सांगितलं. डॉक्टरांनी लुटगार्डला विचारलं, "बरोबर?" लुटगार्डने डोळे मिटून उघडले.

"हे मी कोणाच्या सांगण्यावरून करत नाही," लुटगार्ड म्हणाली.

"हे मी कोणाच्या सांगण्यावरून करत नाही," लीव्ह म्हणाली.

"माझं दुखणं बरं होणारं नाही."

"माझं दुखणं बरं होणारं नाही."

पेन करकरत होतं. रोझानची अक्षरं मोठी, एका बाजूला कललेली, ओळ सोडून वर चढणारी होती. लीव्हचा हात मांडीवर आपोआप हलला, ओळ सरळ करायला. तिने तो दुसऱ्या हाताने धरला.

"मला," लुटगार्ड म्हणाली.

"मला," लीव्ह म्हणाली.

आणि लुटगार्डचा दम संपला. छाती वर आली, तिथेच राहिली. नोएलाने मान उचलून बघितलं. डॉक्टर अर्ध्या उठल्या. रोझान 'मला' लिहून पेन धरून बसली होती. तिला या दोघींमधलं काही माहीत नव्हतं. तिने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा लीव्हकडे.

"एवढंच का?" तिने विचारलं. "संपलं?"

लीव्हने लुटगार्डच्या छातीकडे बघितलं. ती हळूहळू खाली आली, पुन्हा वर गेली.

"नाही," लीव्ह म्हणाली. "थांबा जरा. तिचं अजून सांगून व्हायचंय."